मिटलेली झडप

सूर्यास्ताला दीड तास उरला होता आणि चूल पेटत नव्हती.

अमेरिकेच्या युटा राज्यातील ब्राइस कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या तळावर एक जुने मोटारहोम उभे होते. ऑक्टोबरचा मध्य होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ८,००० फूट उंचीवरची ती जागा. उन्हे कलू लागताच तिथला गारवा बोचू लागतो. मोटारहोमच्या लहानशा ओट्यावर सूनबाईंनी खिचडीसाठी तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन ठेवली होती. पाणी आजींनी स्वतः गाळून दिले होते. सांगलीहून आणलेले दुहेरी जाड गळणे त्या प्रवासातही बरोबर ठेवत. नळाचे पाणी कितीही स्वच्छ असो, गाळल्यावाचून ते भांड्यात पडत नसे. सूनबाईंनी बर्नरची कळ फिरवली, लायटर ओढला, ठिणगी पडली. पण ज्योत उमटली नाही. दुसरा बर्नर, तिसरा बर्नर, तोच प्रकार. गॅस येत असल्याची ओळखीची सुरसुरही कानी पडेना.

आजींचे वय ७८. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा त्यांचा नियम लग्नानंतर काही वर्षांतच घेतलेला आणि तेव्हापासून अखंड पाळलेला. मुलगा सांगलीतून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन परदेशी गेला आणि पुढे ॲरिझोनातील फिनिक्स शहरी स्थिरावला. आई दोन वर्षांतून एकदा त्याच्याकडे येत. त्यांना घेऊन कुठे फिरायला जायचे, तर मोठी अडचण जेवणाची. लांबच्या रस्त्यावरच्या उपाहारगृहात कांदा, लसूण, बटाटा वगळून, आणि तेही दिवस मावळण्यापूर्वी काही मिळेल याची शाश्वती नाही. या अडचणीवर उपाय म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी हे वीस वर्षांचे जुने मोटारहोम विकत घेतले होते. चाकांवरचे एक घरच ते. झोपायला जागा, हात धुवायला मोरी, शिजवायला ओटा. चूल, फ्रिज आणि खोली उबदार ठेवणारा हीटर ही तिन्ही उपकरणे गाडीच्या बाजूला पक्क्या बसवलेल्या एकाच टाकीतल्या प्रोपेन वायूवर चालत.

नातवाला शाळेची शरद ऋतूतील सुट्टी लागली होती. आईला तांबड्या दगडांचे ते सुळके दाखवावेत, या हौसेने मुलगा सकाळी सर्वांना घेऊन पुढच्या टप्प्याला निघाला होता. दुपारी वाटेत एका वळणावर कच्चा रस्ता लागला. काही मैल गाडी पन्हाळी पत्र्यावरून जावी तशी हादरत गेली. त्यानंतर हा तळ. इथे वीज जोडून घेण्याची सोय नव्हती. म्हणजे रात्रीची ऊब मिळायची, तर तीही गॅसवरच.

सूनबाईंनी हाक मारली, “अहो, गॅस येत नाही.”

मुलगा आत आला. यंत्राशी त्याची लहानपणापासून मैत्री. बिघाड शोधण्याची पहिली रीत त्याला ठाऊक होती : एकच उपकरण बंद आहे की सारी बंद आहेत, हे आधी पाहायचे. त्याने हीटर लावून पाहिला. पंखा फिरला, आत ठिणगीची टकटक झाली, पण आग पेटली नाही आणि थोड्या वेळाने हीटर आपोआप थांबला. फ्रिजवरही ज्योत विझल्याचा दिवा लागलेला होता. तिन्ही उपकरणे एकाच दिवशी बिघडत नाहीत. तेव्हा दोष तिघांच्या मागे, जिथून सर्वांना गॅस येतो त्या वाटेवर असला पाहिजे.

त्याने बाहेर जाऊन टाकीचे झाकण उघडले. काटा निम्म्यावर होता. हाताने फिरवायचा मुख्य व्हॉल्व्ह उघडा होता. थंडीमुळे वायू गोठला असेल का, अशी शंका क्षणभर मनात आली. पण ती टिकली नाही. भारतातील घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होणे सोडतो. निव्वळ प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होऊन बाहेर येतो. ब्राइसची थंडी त्याच्या दृष्टीने काहीच नव्हती.

राहिल्या दोन गोष्टी. एक, टाकीतला जोराचा दाब उतरवून उपकरणांना झेपेल इतका सौम्य करणारा रेग्युलेटर. दुसरी, टाकीजवळ बसवलेला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. पितळेचे लहानसे अंग, त्यावर तारेच्या वेटोळ्याची डबी आणि तिच्यातून निघालेल्या दोन तारा. मुलाने डबीला हात लावून पाहिला. वीज वाहत असती तर ती किंचित कोमट लागली असती. ती थंडगार होती. त्याने मनाशी निर्णय केला, की व्हॉल्व्ह बिघडला. वीस वर्षांची वस्तू, कधीतरी जायचीच.

शेजारच्या जागेवर एक वयस्क गृहस्थ आपल्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसले होते. आयुष्यातील तीस वर्षे त्यांनी घरोघरी प्रोपेन पोचवण्याच्या आणि त्याच्या जोडण्या करण्याच्या कामात घालवली होती. मुलाची उठाठेव पाहून ते स्वतःहून जवळ आले आणि काय झाले, म्हणून विचारले. सर्व ऐकून घेऊन त्यांनी आपला मल्टिमीटर आणला. आधी गाडीच्या बॅटरीवर टोके टेकवली. साडेबारा व्होल्ट दिसले. मग व्हॉल्व्हच्या दोन तारांवर टेकवली, शून्य.

“व्हॉल्व्ह बिघडलेला दिसत नाही,” ते म्हणाले. “त्याला उघडण्याचा हुकूमच मिळत नाही.”

मग त्यांनी त्या व्हॉल्व्हची रचना समजावून सांगितली. अशा व्हॉल्व्हमध्ये एक स्प्रिंग असते. ती झडपेला सतत बंद होण्याच्या दिशेने रेटत असते. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की चुंबकाच्या ओढीने झडप उचलली जाते आणि गॅसला वाट मिळते. वीज थांबली की स्प्रिंग आपले काम करते, झडप मिटते. म्हणजे मिटणे हा तिचा स्वभाव आणि उघडणे ही तिला दिलेली परवानगी. वायर तुटो, बॅटरी संपो, काहीही होवो, शंकेच्या प्रसंगी ती बंदच राहावी, अशी ही योजना आहे.

मुलाला रचना तत्काळ उमगली. पण त्याचबरोबर एक मोहाची वाटही दिसली. हुकूम मिळत नसेल, तर तो आपण देऊ. बॅटरीपासून एक तार थेट व्हॉल्व्हपर्यंत ओढली, की झडप उघडेल. दोन मिनिटांचे काम. जुन्या मोटारहोमचे अनेक मालक असेच करतात, हे त्याने ऐकले होते. त्याने घड्याळाकडे पाहिले. सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. सूर्य पावणेसातनंतर थोड्याच वेळात मावळणार होता. खिचडी शिजायला वीस मिनिटे पुरली असती. शिवाय रात्री पारा शून्याखाली उतरणार होता आणि आईचे गुडघे थंडीत धरत. त्याने हत्यारांच्या पेटीतून तारेचा तुकडा काढला आणि तिची टोके सोलू लागला.

शेजारच्या गृहस्थांनी त्याच्या हाताकडे पाहिले. “असे करणारे पुष्कळ आहेत,” ते शांतपणे म्हणाले. “मी करणार नाही.” याहून अधिक ते बोलले नाहीत. दुसऱ्याच्या गाडीत किती बोलावे, याची त्यांनाही मर्यादा होती.

आजी बाहेर खुर्चीवर बसून हे सर्व पाहत होत्या. यंत्रातले त्यांना काही कळत नव्हते आणि इंग्रजी संभाषण तुटक तुटकच समजले होते. त्यांनी विचारले, “काय सापडलं रे?”

“आई, गॅसचा व्हॉल्व्ह बंद पडलाय. ही तार जोडली की उघडेल. तुझी खिचडी वेळेत होईल बघ.”

“बंद पडलाय, की बंद झालाय?”

मुलाला प्रश्न नीट कळला नाही. आजींनी तो पुन्हा सोपा करून मांडला. “म्हणजे असं, की तो आपण होऊन मोडला, का काही कारणानं मिटला? कारण कळलं का तुला?”

“कारण मग बघू, आई. आधी चूल पेटू दे.”

यावर आजी काही म्हणाल्या नाहीत. बोलला तो अकरा वर्षांचा नातू. इतका वेळ तो दाराच्या पायरीवर बसून होता. “बाबा, दुपारी ते वाजलं होतं ना? तुम्ही बटण दाबलंत, ते?”

मुलाच्या हातातली तार तशीच राहिली.

दुपारचा तो प्रसंग घडला तेव्हा काही मिनिटांचाच होता. कच्चा रस्ता संपवून गाडी डांबरी सडकेला लागली आणि मागे, ओट्याच्या खाली, जमिनीलगत बसवलेला गॅस-डिटेक्टर कर्कश वाजू लागला. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड; गळला तर खाली साचतो, म्हणून हे यंत्र पायाशी बसवतात. मुलाने गाडी बाजूला घेतली, आत येऊन डिटेक्टरचे बटण दाबले, खिडक्या उघडल्या आणि पुन्हा चालकाच्या जागी जाऊन बसला. उन्हाळ्यात गाडी अंगणात उभी असताना एकदा कपाटांना वार्निश लावले, तेव्हाही हे यंत्र असेच वाजले होते. ती खोटी हाकाटी ठरली होती. त्या आठवणीच्या भरवशावर त्याने ही दुसरी हाकाटीही खोटी धरली. उद्यानात जागा मिळेल की नाही, याची घाई होती. कुणाला वास आला का, हेही त्याने विचारले नाही. सूनबाईंना सर्दी होती, आजी समोरच्या आसनावर पेंगत होत्या आणि खिडक्या उघडल्यावर जे काही होते ते वाऱ्याबरोबर निघून गेले.

शेजारच्या गृहस्थांना हे सांगताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी प्रथम टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह हाताने घट्ट बंद केला. सूनबाईंना आणि मुलाला बाहेर थांबवले, दारे-खिडक्या सताड उघडायला लावल्या, आतला कोणताही दिवा, पंखा चालू किंवा बंद करू नका, असे बजावले. बराच वेळ जाऊ दिल्यावर ते टॉर्च घेऊन दारातून वाकून पाहू लागले. ओट्याखाली नातवाच्या बुटांची आणि खेळण्यांची पिशवी होती. ती बाजूला सरकवताच डिटेक्टर दिसला. त्यावर हिरव्याऐवजी तांबडा दिवा लागलेला होता.

आता साखळी जुळली. डिटेक्टरने दुपारी गॅस हुंगला होता. वाजण्याबरोबरच त्याने दुसरे कामही केले होते. टाकीजवळच्या व्हॉल्व्हची वीज तोडली होती आणि झडप मिटली होती. बटण दाबल्याने आवाज तेवढा थांबला. झडप मात्र माणसाने जाणूनबुजून यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत मिटलेलीच राहणार होती. उन्हाळ्यातही तसेच झाले असणार. पण तेव्हा चूल पेटवायची नव्हती आणि गाडी झाकून ठेवताना बॅटरीची मुख्य कळ बंद केल्याने सर्व आपोआप पूर्ववत झाले होते. त्यामुळे यंत्राचा हा अर्धा गुण मालकाला कधी कळलाच नव्हता. जुन्या गाडीबरोबर माहितीपुस्तिका आली नव्हती आणि त्याने ती मिळवलीही नव्हती.

मुलाने तार पेटीत परत ठेवली. ती जोडली असती, तर सोबतच्या नळीत कुठेतरी असलेल्या गळतीला पुन्हा गॅस मिळाला असता आणि त्याच क्षणी सूनबाई ओट्यापाशी लायटर घेऊन उभ्या राहिल्या असत्या. हवेत शंभरात दोन भागांहून थोडा अधिक प्रोपेन मिसळला, की तो पेट घेऊ शकतो. बंद खोलीत तेवढा साचायला फार वेळ लागत नाही. मघाशी तिन्ही बर्नरवर लायटर ओढून झाला होता. तेव्हा काही घडले नाही, ते केवळ त्या थंडगार पितळी डबीमुळे. जिला तो बिघडलेली समजत होता, ती दुपारपासून एकटीच जागी होती.

“आता गळती शोधून काढू,” तो म्हणाला. पण शेजारच्यांनी मान हलवली. अंधारात, थंडीत आणि घाईत गळती शोधायची नसते. दाब मोजण्याचे साधनही इथे नाही. आज टाकी बंद, उद्या तंत्रज्ञ. मुलाने मोबाइलवरून जवळच्या दोन हॉटेलांत चौकशी केली. शाळांच्या सुट्टीमुळे खोली शिल्लक नव्हती.

सूर्यास्ताला पाव तास उरला होता. आजी उठल्या. “पोहे आहेत ना? आणि दही?”

फ्रिज दुपारपासून बंद असला तरी आतला गारवा टिकून होता. सूनबाईंनी पोहे गाळलेल्या पाण्यात भिजवले, त्यांत दही, मीठ, किंचित साखर घातली. नातवाने डाळे घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा आजींनी हसून नको म्हटले. दह्याबरोबर द्विदल होते. फोडणीवाचूनचे ते दहीपोहे, दोन केळी आणि खाकऱ्याचे तुकडे, एवढे जेवण उरलेल्या उजेडात झाले. आजींनी पाणी पिऊन भांडे उपडे ठेवले, हात जोडले. समोरच्या सुळक्यांवरची तांबूस झळाळी मावळत गेली.

अंधार पडल्यावर शेजारचे गृहस्थ दोन जाड झोपण्याच्या पिशव्या आणि आपल्या शेगडीवर तापवलेले पाणी घेऊन आले. ते पाणी आजींच्या गुडघे शेकण्याच्या रबरी पिशवीत भरले आणि पिशवी त्यांच्या पांघरुणात ठेवली. सर्वांनी होते तेवढे कपडे अंगावर चढवले.

झोपण्यापूर्वी आजी रोजच्याप्रमाणे प्रतिक्रमणाला बसल्या. मुलगा एरवी कामाच्या धबडग्यात ते टाळत असे. त्या रात्री तो त्यांच्याशेजारी येऊन बसला. पाठ संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई, चूक माझी झाली. ते वाजलं तेव्हा मी बटण दाबलं ते फक्त आवाज नको म्हणून. का वाजतंय, हे पाहिलंच नाही.”

आजींनी रागावण्याचे किंवा समजावण्याचे काही केले नाही. त्यांनी पाठशाळेत लहानपणी ऐकलेला नावेचा दृष्टान्त काढला. नावेत पाणी शिरते आहे. नावाडी शहाणा असेल तर आधी काय करील? पाणी उपसत बसेल, की भोक बुजवील? उपसणे हवेच, पण भोक तसेच ठेवून उपसले तर नाव रिकामी होणार नाही. कर्माचे येणे तो आस्रव, ते येणे थांबवणे तो संवर आणि आधीचे साठलेले झाडून काढणे ती निर्जरा. क्रम असा आहे. “तू भोक न शोधता निघाला होतास,” त्या एवढेच म्हणाल्या. “आणि ज्यानं दार लावलं होतं, त्यालाच मोडका म्हणत होतास.”

नातवाने पांघरुणातून विचारले, “आजी, मग तो व्हॉल्व्ह म्हणजे संवर का?”

“व्हॉल्व्ह हे यंत्र आहे, बाळ. त्याला वीज थांबली की मिटायचं कळतं. आपल्याला कळूनही मिटता येत नाही, म्हणून व्रतं घ्यावी लागतात.”

रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाळी धरली होती. आजींनी सूर्योदयानंतर उठून दोन घड्या सामायिक केले आणि मग कुडकुडणाऱ्या नातवाला उन्हात नेऊन उभे केले.

सीडर सिटी हे शहर तिथून गाडीने दीड-दोन तासांच्या अंतरावर. टाकी बंद ठेवूनच गाडी तिथल्या एका कार्यशाळेत नेली. तंत्रज्ञाने प्रथम मालकाचे सारे म्हणणे ऐकून घेतले, विशेषतः दुपारच्या त्या काही मिनिटांचे. मग गॅसच्या वाटेवर दाबमापक जोडला, नळ्यांत थोडा दाब भरला, सर्व उपकरणे बंद ठेवली आणि घड्याळ लावून नुसता पाहत उभा राहिला. नळ्या घट्ट असत्या तर मापकातील पातळी जागची हलली नसती. ती संथपणे, पण निश्चितपणे खाली आली. गळती होती.

नंतर ती कुठे आहे, याचा शोध. एकेक जोडावर त्याने फेसाचे द्रावण लावले. हे द्रावण खास या कामाचे असते. अमोनिया असलेला साबण पितळेला तडे पाडू शकतो, म्हणून हाताला येईल तो साबण वापरत नाहीत. टाकीजवळ काही नाही, फ्रिजमागे काही नाही. ओट्याची चूल उचलून तिच्या मागच्या तांब्याच्या नळीच्या जोडावर फेस लावला, तेव्हा तिथे बारीक बुडबुड्यांची रांग उठू लागली. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी तिथला नट पाव फेराही नव्हे, इतका सैल झाला होता. तंत्रज्ञाने दोन पाने घेतले, एकाने जोड धरून ठेवला आणि दुसऱ्याने नट आवळला, म्हणजे नळीला पीळ पडत नाही. पुन्हा दाब भरला, पुन्हा तितकाच वेळ थांबला. पातळी हलली नाही.

मग त्याने गॅस सुरू करून, बर्नर पेटता ठेवून रेग्युलेटरचा दाब मोजला. अशा गाड्यांत तो पाण्याच्या ११ इंच स्तंभाइतका असावा लागतो; तो बरोबर होता. शेवटी डिटेक्टर काढून त्याची मागची बाजू दाखवली. त्यावर छापलेली मुदत संपून गेली होती. आतला संवेदक साधारण पाच ते सात वर्षे भरवशाचा असतो. या जुन्याने मुदतीनंतरही आपले काम चोख केले होते. पण पुढच्या वेळी तो ते करीलच, असे कुणी सांगू शकत नव्हते. तो बदलला. नव्या डिटेक्टरचा हिरवा दिवा लागला आणि टाकीजवळून टक् असा लहानसा आवाज आला. झडप उघडली होती. पितळी डबीला मुलाने हात लावून पाहिले. थोड्या वेळाने ती कोमट झाली.

ज्या व्हॉल्व्हला बिघडलेला म्हणून आदल्या दिवशी दोष दिला होता, तो तेवढा होता तसाच राहिला. नट आवळला गेला, डिटेक्टर नवा आला. मुलाने मात्र तिथल्या तिथे एका कागदावर चार ओळी लिहून ओट्याच्या कपाटाला आतून चिकटवल्या. वाजले तर आधी टाकी बंद. सर्व जण बाहेर. कोणतीही कळ दाबायची नाही, ठिणगी पाडायची नाही. कारण कळेपर्यंत परत सुरू करायचे नाही. चौथी ओळ त्याने दोनदा अधोरेखित केली.

गृहस्थाला चूल टाळता येत नाही. अग्निकायिक जीवांची विराधना स्वयंपाकात होते, हे जाणूनच आपल्या आचार्यांनी तिला आरंभी हिंसेत गणले आणि गृहस्थाला तिच्यातून सर्वस्वी मुक्त न करता यत्नाचाराचे बंधन घातले. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्राणघाताच्या आधी प्रमत्तयोग ठेवला, तो याचसाठी. वस्तू पाहून उचलावी, पाहून ठेवावी, असे सांगणारी आदाननिक्षेपण समिती साधूंसाठी आहे खरी. पण तिची लहानशी सावली गृहस्थाच्या ओट्यावर पडली तरी पुष्कळ अनर्थ टळतात. त्या दुपारी मुलाच्या मनात कुणाला इजा करण्याचा विचार लवमात्र नव्हता. आईच्या सुखासाठीच त्याची धावपळ चालली होती. तरीही एक बटण न पाहता दाबले गेले आणि त्या न पाहण्यात चार जिवांचा घात दडलेला होता. प्रमाद बहुधा असाच, चांगल्या हेतूचा हात धरून येतो.

हे सर्व दूरच्या देशातील मोटारहोमचे. पण चूल कुठे नाही? सांगलीच्या घरी आजी रात्री झोपण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर स्वतःच्या हाताने बंद करतात आणि मगच स्वयंपाकघराचा दिवा मालवतात. रबरी नळीवर छापलेली मुदत त्यांना दिसत नाही, म्हणून दर दिवाळीला ती नातेवाइकाकडून वाचून घेतात. गॅसचा वास आला तर दिव्याची कळ दाबायची नाही, खिडक्या उघडून बाहेर यायचे आणि १९०६ या क्रमांकावर कळवायचे, हे त्यांनी शेजारच्या मुलींनाही शिकवून ठेवले आहे. ज्या घरी वासाची किंवा घंटेची पहिली सूचना “असेल काहीतरी” म्हणून टाळली जाते, त्या घरी दुसरी सूचना मिळेलच असे नाही.

त्या संध्याकाळी मोटारहोम पुन्हा ब्राइसच्या तळावर आले. सूर्यास्ताला तासभर होता. चूल पेटवण्यापूर्वी सूनबाईंनी ओट्याखाली वाकून हिरवा दिवा पाहिला, मग कळ फिरवली. निळी ज्योत उमटली. खिचडी झाली, शेजारच्या गृहस्थांना वाडगाभर पाठवली आणि त्यांच्या झोपण्याच्या पिशव्या नीट घड्या घालून परत केल्या. आजी जेवल्या, पाणी प्यायल्या, भांडे उपडे ठेवले. नातू ओट्याखालची आपली बुटांची पिशवी उचलून दुसरीकडे ठेवत होता. त्या जागेसमोर आता काही ठेवायचे नाही, असे त्याला कुणी सांगितले नव्हते.